उसात दारं धरायला जाताना

आमच्या जुन्नर-आंबेगावच्या पट्ट्यात बिबट्याला कुणी बिबट्या म्हणत नाही, 'वाघ आलता' असंच म्हणतात. आता ज्यांच्याकडे उसामागोमाग वाघही दिसायला लागलाय, त्यांच्यासाठी हे लिहितेय. तेवीस वर्षं मी उसाला पाणी देते, म्हणजे एकेका सरीत पाणी वळवायला दारं धरते. समोरासमोर गाठ तीनदाच पडली. तो मला किती वेळा बघून गेला असेल, ते त्यालाच ठाऊक.

तो डोंगरातून खाली 'येतो' हे आधी डोक्यातून काढा. आताचे पुष्कळसे इथेच, उसातच जन्मलेत. ऊस वर्ष-दीड वर्ष उभा राहतो, आत गारवा, पाटाला पाणी आणि वस्तीवर कुत्री. अजून काय पाहिजे? शेजारच्या नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या शेतीत वन्यजीव अभ्यासक विद्या अथ्रेया यांच्या चमूने कॅमेरे लावले, तेव्हा 100 चौरस किलोमीटरमागे जवळपास 5 बिबटे निघाले. विष्ठा तपासली, तर खाण्यात सगळ्यांत मोठा वाटा कुत्र्यांचा. म्हणून मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकणाऱ्याशी मी भांडते. कोंबड्यांवर कुत्री जमतात, कुत्र्यांवर तो. शेळ्यांना चारी बाजूंनी आणि वरूनही जाळी हवी. नुसती भिंत तो सहज ओलांडतो.

आता रात्रीचं पाणी. पंपाची थ्री फेज वीज रात्रीची असली की दारं धरायला जावंच लागतं, 'रात्री बाहेर पडू नका' हा सल्ला घरात बसणाऱ्यांचा. जायचं तर दोघांनी. बॅटरीचा उजेड पायापुढे तर हवाच, पण दर दहा पावलांनी बांधाच्या कडेने लांबवर फिरवायचा. डोळे चमकले तर तिथेच थांबायचं. मी मोबाईलवर कीर्तन लावते. त्याला कळलं पाहिजे की माणूस येतोय. चोरपावलाने गेलात आणि तो दचकला, तर चूक तुमची.

सगळ्यांत महत्त्वाचं म्हणजे उंची. उभ्या माणसाला तो सहसा टाळतो. वाकलेला, उकिडवा बसलेला माणूस त्याला माणूस वाटतोच असं नाही. सरीत पाचट, म्हणजे उसाचा वाळलेला पाला, अडकलं की आपण वाकून उपसतो, बाया बसून गवत कापतात, पोरं अंधारात परसाकडे बसतात. आमच्या भागात जीव गेलेत त्यांत बाया आणि लहान पोरं आहेत, हे विसरू नका. एकजण वाकला की दुसऱ्याने उभं राहून चौफेर बघायचं. लेकरू अंधार पडायच्या आत घरात, आणि पुढे-मागे नाही, हात धरूनच चालवायचं.

समोर आलाच तर? माझी दुसरी गाठ थंडीतली, रात्री दोनच्या सुमाराची. मी पंपाच्या स्टार्टरकडे चाललेले, तो बांधावर मांडी ठोकून बसल्यासारखा बसलेला. मी खोरं डोक्यावर आडवं धरलं आणि मोठ्याने बोलत राहिले, काय बोलले ते आठवत नाही. तो हलेना. तेव्हा लक्षात आलं की मी उभी आहे तीच त्याची उसात शिरायची वाट. पाठ न करता सात-आठ पावलं बाजूला सरकले, तसा तो उठला आणि माझ्याकडे न बघता निघून गेला. मांजरीसारखाच, थोडा आळसावलेला. तेव्हा पळू नका, खाली बसू नका, दगड मारू नका आणि त्याची वाट सोडा.

ऊसतोडीत वेगळीच गंमत होते, म्हणजे नंतर आठवली की गंमत. फड सगळ्या बाजूंनी तोडत आणू नका, शेवटच्या तुकड्यात जे काही असेल ते कोयत्यांच्या गराड्यात सापडतं. रस्त्याकडून सुरुवात करा, शेजारच्या उभ्या उसाकडची बाजू उघडी ठेवा. पाचटात पिल्लं सापडली तर तोड थांबवा. मांजराची म्हणून उचलून घरी आणलेली मी पाहिलीत. आई जवळच असते. हात लावू नका, सेल्फी तर मुळीच नको. मुकादमाला सांगून टोळी दुसऱ्या कडेला न्यावी आणि वनखात्याला कळवावं. त्यांची माणसं पिल्लं तपासून संध्याकाळी क्रेटमध्ये त्याच जागी ठेवतात, कॅमेरा लावतात. अंधारात आई येते आणि एकेक तोंडात धरून नेते. गर्दी हटली नाही, तर ती येत नाही.

विहिरीत पडला तरी हेच: काठावरची माणसं पांगवा. पोहतो तो, पण दमतो. खात्याची माणसं येईपर्यंत दोरांनी बाज सोडली तर तिच्यावर टेकतो.

पिंजऱ्याचं मात्र जपून. माणसावर हल्ला करणारा धरायलाच हवा, यात मला शंका नाही. पण नुसता दिसला म्हणून धरून दुसरीकडे सोडला, तर तिथे तो परका, त्याला ना पाणी माहीत ना वाटा. आमच्या जुन्नरच्या भागात 2001 ते 2003 या काळात हल्ले वाढले, त्याच्याशी या सोडासोडीचा संबंध अभ्यासकांनी जोडलाय. 2009 साली गळ्यात जीपीएस पट्टा लावून माळशेजच्या बाजूला सोडलेला 'आजोबा' नावाचा बिबट्या तर सुमारे 120 किलोमीटर चालत मुंबईच्या राष्ट्रीय उद्यानापर्यंत गेला.

त्याने तुमचं जनावर मारलं तर ते ओढून पुरू नका. जागेवर ठेवा, त्याच दिवशी वनरक्षकाला बोलवा, पंचनाम्याशिवाय भरपाई नाही. वनखात्याचा नंबर 1926. रात्री घाबरलेल्या माणसाला फोनमध्ये नंबर सापडत नाही, म्हणून आम्ही तो स्टार्टरच्या पेटीवर ऑइलपेंटने लिहून ठेवलाय.