आर्द्रेची प्रत, तापमान, अंतर: या चुका टाळा

मृगातली तांबूस आर्द्रा (बीटलज्यूस हा तारा) मोजायला सोपी वाटते. पण ठळकपणामुळे तिची प्रत (दिसणाऱ्या तेजाचा आकडा; जितका लहान, तितका तारा ठळक) चुकते, तांबूसपणामुळे तापमान आणि अवाढव्य आकारामुळे अंतर.

सर्वांत जास्त घोळ कॅमेऱ्याने प्रत काढताना होतो. जेपेग फोटोवर मोजमाप करू नका. त्यात दुप्पट प्रकाशाला दुप्पट आकडा येत नाही. रॉ फाईल (सेन्सरचे मूळ आकडे) घ्या, आयएसओ 200 च्या आसपास ठेवा आणि फोकस किंचित हलवा, म्हणजे ठिपका आठ-दहा पिक्सेलवर पसरेल. 14 बिटच्या कॅमेऱ्यात कमाल आकडा 16,383 असतो. सर्वांत उजळ पिक्सेल 11,000 च्या वर गेला की एक्स्पोजर कमी करा. सॅच्युरेट झालेला, म्हणजे कमाल आकड्याला टेकलेला तारा मंद मोजला जातो आणि फोटो पाहून ते कळतही नाही. तारे लुकलुकतात, म्हणून दहा-पंधरा फ्रेमची सरासरी काढा. मोजायचा तो हिरवा चॅनल. प्रत मोजण्याच्या प्रमाण व्ही फिल्टरच्या सर्वांत जवळचा तोच.

तुलनेसाठी शेजारचा निळसर बेलाट्रिक्स घेण्याचा मोह होतो. आर्द्रेचा बी-व्ही रंगांक (निळ्या बी आणि व्ही फिल्टरमधल्या प्रतींचा फरक; जास्त म्हणजे तांबूस) सुमारे 1.85, त्याचा उणे 0.22. एवढ्या फरकात कॅमेऱ्याच्या रंगदोषाचा गुणांक (रंगांकातल्या दर एककामागे प्रतीत येणारी चूक) 0.05 असला, तरी 0.1 प्रतीची चूक होते. रोहिणी घ्या: प्रत सुमारे 0.87, रंगांक 1.54. मात्र रोहिणी आधी मावळते. ती 30 अंशांवर आणि आर्द्रा 50 अंशांवर असेल, तर रोहिणीचा प्रकाश हवेच्या जास्त जाड थरातून येतो आणि आर्द्रा फुकटात 0.14 प्रतीने उजळ ठरते. धुरकट शहरात त्याहूनही जास्त. महाराष्ट्रातून जानेवारीच्या मध्यात रात्री अकराच्या सुमारास आर्द्रा जवळजवळ 79 अंशांवर असते. मोजणी त्याच्या आसपास उरका.

आता हिशोब. आर्द्रेचा प्रकाश रोहिणीच्या 1.35 पट आला, तर 2.5 × लॉग 1.35 = 0.33, म्हणून प्रत 0.87 − 0.33 = 0.54. इथे लॉग 10 पायाचा हवा. स्प्रेडशीटमध्ये नुसता लॉग तसाच असतो, पायथनमध्ये मात्र तो नैसर्गिक. तो वापरलात तर उत्तर 0.12 येईल, आणि ते खरे वाटण्याजोगे असल्यामुळे शंकाही येणार नाही.

तापमानासाठी बी-व्हीवरून चालणारे सूत्र सूर्याला (0.65) सुमारे 5,780 केल्विन देते, बरोबर. आर्द्रेला तेच 3,330 देते. वर्णपटावरून मिळते 3,600. कारण टायटॅनियम ऑक्साइडचे पट्टे दृश्य प्रकाशातला मोठा वाटा खातात, आणि सूत्राने गृहीत धरलेला कृष्णपदार्थ (फक्त तापमानानुसार प्रकाश देणारी आदर्श वस्तू) तिथे नसतोच. वीनच्या नियमाने (सर्वांत जास्त प्रकाश कोणत्या तरंगलांबीवर येतो, त्यावरून तापमान) शिखर शोधू नका: 3,600 केल्विनचे शिखर 805 नॅनोमीटरवर, म्हणजे कॅमेऱ्याच्या अवरक्त फिल्टरपलीकडे. धूळही विसरू नका. फेब्रुवारी 2020 मध्ये आर्द्रा 1.6 प्रतीपर्यंत मंदावली, तरी वर्णपटातले तापमान 3,600 च्या आसपासच होते. नुसती प्रत पाहून 'तारा थंड झाला' म्हणणारे तिथे फसले.

अंतरात गणित सोपे आहे: 1,000 भागिले मिलीआर्कसेकंदातला पराशय (पृथ्वी सूर्याभोवती फिरताना तारा जितका सरकलेला दिसतो तो कोन), उत्तर पार्सेकमध्ये (एक पार्सेक म्हणजे सुमारे 3.26 प्रकाशवर्षे). हिपार्कस उपग्रहाच्या 1997 च्या यादीत आर्द्रेचा पराशय 7.63 ± 1.64 होता. त्यातून 131 पार्सेक, म्हणजे 427 प्रकाशवर्षे येतात. पण त्रुटीसकट भागा: एका टोकाला 108, दुसऱ्याला 167. '131 ± 28' असे लिहिणे चूक, कारण भागाकारात त्रुटी दोन्ही बाजूंना सारखी राहत नाही. शिवाय आर्द्रेचा कोनीय व्यास 40 मिलीआर्कसेकंदांहून मोठा, पराशयाच्या पाचपट. पृष्ठभागावर उकळणाऱ्या प्रचंड बुडबुड्यांमुळे प्रकाशाचा मध्यबिंदूच सरकतो. नंतरच्या गाया उपग्रहाकडे वळून उपयोग नाही, तिच्यासाठी आर्द्रा अति ठळक आहे. 2017 मध्ये रेडिओ मोजमापे जोडून 4.51 ± 0.80 आले, म्हणजे 222 पार्सेक. 131 ऐवजी 222 धरले की ताऱ्याची खरी तेजस्विता 2.9 पट होते, म्हणून तेजस्वितेचा आकडा उचलताना तो कोणत्या पराशयावर काढलाय ते आधी तपासा.