जैविक फवारणीला ‘रिझल्ट’ का येत नाही? परसबागेतल्या या चुका टाळा

“कडुनिंबाचं तेल मारलं हो, पण रिझल्ट काही नाही.” जास्वंद, मिरची नाहीतर लिंबाचं झाड दाखवताना हे वाक्य हमखास ऐकू येतं. नाशकात गंगापूर रोडला राहा की सिडकोत, कुणाचा तरी मामा किंवा चुलतभाऊ निफाड-दिंडोरीकडे द्राक्षबाग करत असतो आणि फवारणीची सवय तिथूनच आपल्या गच्चीवर येते. ढग आले की फवारायचं, किडा दिसला की फवारायचं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तो मेलेला दिसायला हवा. जैविक उपायांना हा हिशेब लागू पडत नाही. औषधात खोट क्वचितच असते, ते कशावर, कधी आणि कसं मारलं इथेच बहुतेक वेळा घोळ होतो.

किडा न ओळखता फवारणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. दोन वर्षांपूर्वी माझ्या जास्वंदीवर कापसासारखं पांढरं दिसलं आणि मी साबणपाणी घेऊन ब्रशने सगळं घासून काढलं. त्यात पिठ्या ढेकूण, म्हणजे मिलीबग, होताच. पण त्याला खाणाऱ्या क्रिप्टोलिमस भुंग्याच्या अळ्याही होत्या आणि त्याही गेल्या. तीन आठवड्यांत मिलीबग परत आला, भुंगे आले नाहीत. ज्या भुंग्यांना द्राक्षबागेत मिलीबगसाठी मुद्दाम सोडतात, ते माझ्याकडे आपणहून आले होते, याची हळहळ अजून वाटते.

दोघेही पांढरे असले तरी फरक कळतो. मिलीबग फांदीच्या बेचक्यात झुंबड करून चिकटून बसतो. क्रिप्टोलिमसची अळी त्याहून मोठी असते, तिच्या अंगावरचे मेणाचे तंतू लांब आणि विस्कटलेले असतात आणि काडीने डिवचलं की ती चालू लागते. मावा, म्हणजे कोवळ्या पालवीचा रस शोषणारे बारीक किडे, असलेल्या झाडावर काळी, नारिंगी ठिपक्यांची, चिमुकल्या मगरीसारखी अळी दिसली तर तीही मारू नका. ती ढालकिड्याची, म्हणजे लेडीबर्डची अळी. पानावर केसासारख्या देठांवर उभी पांढरी अंडी दिसली तर ती मावा खाणाऱ्या क्रायसोपर्ला किड्याची, तीही आपल्याच बाजूची.

मुंगळ्यांबाबत उलटा गैरसमज असतो. ते झाड खात नाहीत. मावा आणि मिलीबग जो गोड चिकटा सोडतात त्यासाठी ते येतात आणि बदल्यात ढालकिड्यांना हुसकावून लावतात. मुंगळ्यांची वाट बंद केली नाही तर फवारणी पुन्हा पुन्हा करावी लागते. कुंडी पाण्याच्या ताटलीत विटेवर ठेवा. जमिनीतल्या झाडाच्या खोडाला प्लास्टिकची पट्टी गुंडाळून तिच्यावर ग्रीस लावा, थेट सालीवर नको.

मिरचीचा चुरडा-मुरडा म्हणजे एकच रोग नव्हे. पानं वरच्या बाजूला वळून होडीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे असतात, खालच्या बाजूला वळली तर कोळी, म्हणजे रस शोषणारे बारीक माइट. पानं बारीक, गुच्छासारखी होऊन झाड खुरटलं तर तो विषाणू. त्यावर कुठलीच फवारणी चालत नाही, झाड उपटून टाकणं बरं. लाल कोळी नाशकात एप्रिल-मेच्या कोरड्या उन्हात वाढतो, तेव्हा आधी पानांच्या मागच्या बाजूला पाण्याचा जोरदार फवारा द्या. निम्मं काम त्यानेच होतं.

कडुनिंबाच्या तेलाकडून चुकीची अपेक्षा

तेलातलं अझाडिरेक्टिन हे द्रव्य किड्याला जागच्या जागी मारत नाही. किड्याचं खाणं मंदावतं, पिल्लांना नीट कात टाकता येत नाही, पुढची पिढी घटते. म्हणून दुसऱ्या दिवशी मेलेले किडे शोधू नका. पाचव्या-सहाव्या दिवशी नवी पालवी स्वच्छ आहे का ते पाहा आणि आठवड्याने पुन्हा फवारा. उन्हात हा घटक लवकर निकामी होतो, त्यामुळे सकाळी दहाची फवारणी बरीचशी वाया जाते. संध्याकाळी पाचनंतर फवारा, तोवर मधमाश्यांची वर्दळही कमी झालेली असते. पानाची मागची बाजू भिजली नाही तर फवारणी झालीच नाही असं समजा.

बाटलीवरचा आकडाही वाचा. १५०० पीपीएम आणि १०,००० पीपीएम (दहा लाख भागांत अझाडिरेक्टिनचे किती भाग) ही वेगवेगळ्या तीव्रतेची औषधं आहेत, एकाचं प्रमाण दुसऱ्याला लावलं तर पानं करपतात नाहीतर औषध कमी पडतं. घाण्याचं कच्चं तेल असेल तर लिटरला ५ मिली पुरे. ते पाण्यात मिसळत नाही, म्हणून आधी थोड्या कोमट पाण्यात सौम्य द्रव साबणाबरोबर चांगलं घुसळून मगच उरलेलं पाणी घाला. डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत हे तेल बाटलीत थिजतं. ते खराब झालेलं नसतं, बाटली कोमट पाण्यात ठेवा.

मला स्वतःला तेलापेक्षा निंबोळी अर्क जास्त पटतो. उन्हाळ्याच्या शेवटी आणि पावसाच्या तोंडाशी झाडाखाली पडलेल्या निंबोळ्या गोळा करून सावलीत वाळवायच्या. ५० ग्रॅम बियांची भरड कापडात बांधून लिटरभर पाण्यात रात्रभर ठेवायची, सकाळी पिळून गाळायची आणि अर्क त्याच दिवशी संपवायचा.

साबण आणि पाणी

कपड्यांची डिटर्जंट पावडर वापरू नका, पानांच्या कडा जळतात. बोअरचं पाणी जड असेल तर साबण फाटतो आणि निकामी होतो. बरणीत मिसळून पाहा, दह्यासारख्या गुठळ्या दिसल्या तर नळाचं किंवा साठवलेलं पावसाचं पाणी घ्या. कुठलंही मिश्रण आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस थांबा.

नैसर्गिक म्हणजे निर्धोक नव्हे

तंबाखूच्या पाण्यातलं निकोटिन माणसासाठीही विषच आहे आणि तंबाखूतून टोमॅटो-मिरचीला मोझॅक विषाणू लागू शकतो. दशपर्णी अर्कात धोतरा आणि कण्हेर असतात. घरात लहान मूल असेल तर तो ड्रम गॅलरीत ठेवू नका. भुरीसाठी, म्हणजे पानांवर पांढरी पूड दिसणाऱ्या रोगासाठी, वापरतात ते पाण्यात मिसळणारं गंधकही कोळ्यावर चालतं, पण कडक उन्हाळ्यात नको आणि तेल फवारल्यावर दोन आठवडे तरी नको, पानं भाजून निघतात.

बिव्हेरिया, व्हर्टिसिलियम ही किड्यांना मारणारी जिवंत बुरशी आहे. मे महिन्यातल्या कोरड्या हवेत ती रुजत नाही. पावसाळ्यात, संध्याकाळी, ताजं पाकीट आणून वापरा. बुरशीनाशकाच्या पंपात ती घातली तर पैसे पाण्यात.

सापळा तोच, गंध चुकीचा

सापळ्यात आंबा-पेरूच्या फळमाशीसाठी मिथाइल युजेनॉल हे गंधद्रव्य लागतं, कारली-दोडक्याच्या माशीसाठी क्यू ल्यूर. आंब्याचा सापळा कारल्याच्या मांडवाला टांगून कितीही वाट पाहिली तरी उपयोग नाही. शिवाय दोन्हींत फक्त नर अडकतात, त्यामुळे किडकी फळं रोज वेचायलाच हवीत. ती कंपोस्टमध्ये टाकली तर अळ्या तिथेच मातीत कोष करतात. काळ्या पिशवीत घट्ट बांधून चार-पाच दिवस उन्हात ठेवा.

कच्चं शेणखत

ओलं शेणखत आणि नत्राचा मारा यांनी पालवी लुसलुशीत होते आणि मावा तिच्यावरच तुटून पडतो. कच्च्या शेणात हुमणी, म्हणजे मुळं खाणारी पांढरी अळी, हीही वाढते, आणि रोप मुळाशी कुरतडून कोलमडल्यावर काही करता येत नाही. तिला गाठायची वेळ आधीची, वळवाचा पहिला पाऊस झाल्यावरची. अंधार पडला की हुमणीचे तपकिरी भुंगे कडुनिंब आणि बाभळीवर जमतात. फांद्या हलवून खाली पडलेले भुंगे वेचायचे आणि अंगणातल्या दिव्याखाली साबणपाण्याचं घमेलं ठेवायचं. पहिले काही दिवस हे रोज केलं तर त्या वर्षी मातीत अंडीच कमी पडतात.