दोस्त राष्ट्रे प्रतिस्पर्धी कशी झाली : १९४५ ते १९४९ या काळातील जर्मनीचा अभ्यास कसा करावा

जर्मनीच्या फाळणीचा इतिहास वाचायला घेणारा वाचक बहुधा शेवट मनात धरूनच सुरुवात करतो. पुढे दोन राज्ये होणार, बर्लिनमध्ये भिंत उभी राहणार, हे आधीच ठाऊक असल्यामुळे १९४५ सालचा प्रत्येक निर्णय त्या दिशेने टाकलेले पाऊल वाटू लागतो आणि मग दोष कोणाचा, एवढाच प्रश्न उरतो. या चार वर्षांचा अभ्यास असा करू नये, असे मला कळकळीने वाटते. ज्या राष्ट्रांनी हिटलरविरुद्ध एकत्र युद्ध जिंकले, त्यांनी पराभूत देशाचा कारभार एकत्र पाहायचे लेखी कबूल केले होते, आणि तो करार मोडण्याचा ठराव कोणीही कधी केला नाही. तरीही चार वर्षांत तो मोडला. तो कसा मोडला हे समजून घ्यायचे असेल, तर भाषणांआधी नियम, कोळसा, धान्य आणि नोटा यांच्याकडे पाहावे लागते.

पहिले काम नकाशाचे आहे, आणि तो नकाशा स्वतःच्या हाताने काढावा. विजेत्यांनी जर्मनी ज्या व्याप्त विभागांत वाटून घेतला, त्यांच्या सीमा युद्ध संपण्यापूर्वीच, १२ सप्टेंबर १९४४ रोजी लंडनमध्ये झालेल्या करारात मुख्यत्वे ठरल्या होत्या. फ्रान्सला विभाग द्यायचे याल्टा परिषदेत, म्हणजे फेब्रुवारी १९४५ मध्ये ठरले, आणि तो ब्रिटिश व अमेरिकी विभागांतून कापून देण्यात आला. या सीमा एका रंगाने काढून झाल्यावर मे १९४५ मध्ये सैन्ये प्रत्यक्षात कोठे उभी होती, ते दुसऱ्या रंगाने दाखवावे. अमेरिकी सैन्य लाइपझिगपर्यंत आणि थुरिंगियात पोचले होते. जुलैच्या सुरुवातीला ते ठरलेल्या सीमेपर्यंत मागे आले, आणि त्याच सुमारास पाश्चात्त्य सैन्ये बर्लिनमधील आपापल्या भागांत दाखल झाली. हातात आलेला एवढा मोठा प्रदेश केवळ कराराखातर सोडला गेला, ही गोष्ट नीट लक्षात ठेवावी, कारण १९४५ च्या उन्हाळ्यात करार पाळण्याची इच्छा खरोखर होती याचा हा ठोस पुरावा आहे. नकाशावर आणखी दोन खुणा कराव्यात. रूर या औद्योगिक पट्ट्यातला कोळसा आणि पोलाद ब्रिटिश विभागात होते, तर शेतीचा मोठा भाग सोव्हिएत विभागात आणि ओडर-नायसे या नद्यांच्या पलीकडे, पोलंडच्या कारभाराखाली गेलेल्या प्रदेशात होता. बर्लिन सोव्हिएत विभागाच्या सुमारे दीडशे किलोमीटर आत होते.

नकाशा तयार झाल्यावर एका कोऱ्या कागदावर दोनच नियम लिहावेत आणि पुढचा सगळा अभ्यास होईपर्यंत तो कागद समोर ठेवावा. ५ जून १९४५ रोजी अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि सोव्हिएत संघ यांच्या चारही सेनापतींनी बर्लिनमध्ये जर्मनीची सर्वोच्च सत्ता हाती घेतल्याचे जाहीर केले, तेव्हाच कारभाराची रीतही सांगितली गेली. प्रत्येक सेनापती आपापल्या विभागात सर्वोच्च राहील, हा पहिला नियम. संपूर्ण जर्मनीशी संबंधित बाबींचे निर्णय या चौघांच्या नियंत्रण मंडळात एकमताने होतील, हा दुसरा. दोन्ही नियम वेगवेगळे वाचले तर निरुपद्रवी आणि शहाणपणाचे वाटतात. एकत्र वाचले की त्यांतली अडचण दिसते. मंडळात नकार देणाऱ्याचे स्वतःच्या विभागात काहीच अडत नाही. तेथे तो हवे ते करू शकतो. त्यामुळे एकत्र न सुटलेला प्रत्येक प्रश्न आपोआप विभागवार सुटतो, आणि असा सुटलेला प्रत्येक प्रश्न दोन विभागांतले अंतर थोडे वाढवतो. माझ्या मते त्या चार वर्षांच्या इतिहासाची किल्ली याच कागदावर आहे.

याचे पहिले मोठे उदाहरण पाहताना अनेक वाचकांना आश्चर्य वाटते, कारण सुरुवातीची महत्त्वाची आडकाठी मॉस्कोची नव्हती. अमेरिका, ब्रिटन आणि सोव्हिएत संघ यांची पॉट्सडॅम परिषद १७ जुलै ते २ ऑगस्ट १९४५ या काळात झाली आणि जर्मनी हे एकच आर्थिक एकक मानावे, काही खात्यांसाठी सर्व विभागांना समान अशी मध्यवर्ती जर्मन प्रशासने असावीत, असे तेथे ठरले. फ्रान्सला त्या परिषदेचे आमंत्रण नव्हते, म्हणून ठरलेले सगळेच आपल्याला बंधनकारक आहे असे फ्रान्सने मानले नाही. तीन पिढ्यांत तीनदा जर्मन आक्रमण सोसलेल्या त्या देशाला मध्यवर्ती जर्मन सत्ता पुन्हा उभी राहायला नको होती, आणि १९४५ च्या शरद ऋतूत त्याने मंडळात या प्रशासनांना नकार दिला. म्हणून टिपणे काढताना ‘पूर्व’ आणि ‘पश्चिम’ असे दोन रकाने कधीही करू नयेत. चार रकाने करावेत. दोन रकाने केले, तर निष्कर्ष आधी आणि पुरावा नंतर, असे होते.

यानंतर युद्धभरपाईचा हिशेब मांडावा. येथे घाई करू नये, कारण मैत्रीला पहिली खोल चीर येथेच गेली. सोव्हिएत संघाची सुमारे २ कोटी ७० लाख माणसे युद्धात मेली होती आणि त्याचा पश्चिम भाग उद्ध्वस्त झाला होता. याल्टात त्याने एकूण २० अब्ज डॉलर भरपाईची आणि त्यातला निम्मा वाटा स्वतःसाठी अशी मागणी केली. अमेरिकेने हा आकडा चर्चेचा आधार म्हणून मान्य केला, ब्रिटनने केला नाही. पॉट्सडॅमला निघालेला मार्ग असा होता की प्रत्येकाने मुख्यतः आपल्याच विभागातून भरपाई घ्यावी. शिवाय पाश्चात्त्य विभागांत शांतताकालीन अर्थव्यवस्थेला अनावश्यक ठरणाऱ्या यंत्रसामग्रीपैकी १५ टक्के सामग्री सोव्हिएत संघाला धान्य, कोळसा वगैरे मालाच्या बदल्यात मिळावी आणि आणखी १० टक्के मोबदल्याशिवाय मिळावी.

यातल्या ‘अनावश्यक’ या एका शब्दाखाली रेघ मारावी. किती यंत्रे अनावश्यक आहेत हे ठरवण्यासाठी जर्मनीत किती उद्योग राहू द्यायचा ते ठरवावे लागते, आणि ते ठरवायचे तर जर्मनीला स्वतःचे पोट भरण्यासाठी किती निर्यात करावी लागेल हे माहीत हवे. मार्च १९४६ मध्ये चारही राष्ट्रांनी उद्योगाची पातळी १९३८ च्या सुमारे निम्म्यावर आणणारी योजना मान्य केली. तिचा सगळा पाया जर्मनी एकच आर्थिक एकक आहे या गृहीतकावर होता, आणि प्रत्यक्षात तसे एकक नव्हते. पूर्वेकडून अपेक्षित धान्य पश्चिमेकडे येत नव्हते, आणि सोव्हिएत विभागात यंत्रांबरोबरच चालू उत्पादनातूनही भरपाई नेली जात होती. त्याच महिन्यात ब्रिटिश विभागात माणशी शिधा दिवसाला हजार कॅलरींच्या आसपास घसरला. आपल्या विभागातल्या लोकांना जगवण्यासाठी ब्रिटनला स्वतःच्या तिजोरीतून धान्य विकत घ्यावे लागत होते. युद्ध चालू असताना ब्रिटनमध्ये पावावर कधीही रेशन नव्हते. ते जुलै १९४६ मध्ये, विजयानंतर वर्षभराने लागले. लंडनमध्ये पावासाठी कूपन मोजणाऱ्या गृहिणीला जिंकलेल्या युद्धाचा अर्थ काय वाटला असेल, याचा विचार केल्याशिवाय ब्रिटिश धोरण समजत नाही.

मे १९४६ च्या सुरुवातीला अमेरिकी विभागाचे लष्करी उपराज्यपाल लूशियस क्ले यांनी भरपाईसाठी यंत्रे सुटी करून पाठवण्याचे काम थांबवले. या एकाच घटनेचे वर्णन विद्यार्थ्याने दोनदा लिहून पाहावे. पहिल्यांदा वॉशिंग्टनच्या बाजूने लिहावे : एका दाराने आपण पैसे आत ओततो आणि दुसऱ्या दाराने माल बाहेर जातो, म्हणजे भरपाई शेवटी अमेरिकी करदाताच भरतो. मग मॉस्कोच्या बाजूने लिहावे : युद्धाचा सर्वांत मोठा भार आपण उचलला आणि सही झालेल्या कराराने मिळायची यंत्रे आता रोखली जात आहेत. दोन्ही वर्णने प्रामाणिकपणे लिहिता आली, तर विषय हाताशी आला असे समजावे.

पुढची पायरी म्हणजे प्रत्येक विभागात त्याच काळात काय चालले होते, ते तारखांसह आपापल्या रकान्यात भरणे. सोव्हिएत विभागात १९४५ च्या सप्टेंबरपासून १०० हेक्टरांहून मोठ्या जमिनी ताब्यात घेऊन वाटल्या जाऊ लागल्या आणि एप्रिल १९४६ मध्ये तेथील सोशल डेमोक्रॅटिक व कम्युनिस्ट पक्षांचे दडपणाखाली विलीनीकरण झाले. ऑक्टोबर १९४६ मध्ये बर्लिनमध्ये चारही राष्ट्रांच्या देखरेखीखाली निवडणूक झाली, तेव्हा या नव्या पक्षाला २० टक्केही मते मिळाली नाहीत. पश्चिमेकडे अमेरिकी परराष्ट्रमंत्री बर्न्स यांनी ६ सप्टेंबर १९४६ रोजी स्टुटगार्टमध्ये जर्मनांना कारभार परत देण्याची भाषा केली, आणि १ जानेवारी १९४७ रोजी ब्रिटिश व अमेरिकी विभाग आर्थिक कारणांसाठी एकत्र आले. जोडणीच्या या पावलाने तुटणेही वेगाने जवळ आले, कारण जोडलेल्या विभागांची प्रशासकीय खाती वाढत गेली आणि पलीकडून पाहणाऱ्याला ती वेगळ्या राज्याची पायाभरणी दिसू लागली.

१९४७ साली झालेली अमेरिकी अध्यक्ष ट्रुमन आणि परराष्ट्रमंत्री मार्शल यांची भाषणे, मॉस्को व लंडन येथील परराष्ट्रमंत्र्यांच्या फसलेल्या बैठका, हे सारे पाठ्यपुस्तकांत सविस्तर असते. ते अवश्य वाचावे, पण वरचा हिशेब मांडून झाल्यावर वाचावे.

चलनाचा प्रश्न मात्र बारकाईने पाहावा. युद्धकाळात छापलेल्या राइशमार्क या जुन्या जर्मन चलनाच्या नोटांचा महापूर आला होता, भाव गोठवलेले होते, त्यामुळे दुकानदार माल मागच्या खोलीत ठेवत आणि बाजारात अमेरिकी सिगारेट हेच खरे नाणे झाले होते. त्यात १९४४ मध्ये व्याप्त प्रदेशासाठीच्या नोटा छापण्याचे साचे अमेरिकेने सोव्हिएत संघाला दिले होते, आणि तिकडे किती नोटा छापल्या गेल्या यावर इतरांचे नियंत्रण राहिले नव्हते. नवे चलन हवे, हे चौघांनाही पटत होते. पण नोटा कोणाच्या देखरेखीखाली, कोठे छापायच्या, यावर एकमत झाले नाही. २० मार्च १९४८ रोजी नियंत्रण मंडळाच्या सभेत सोव्हिएत प्रतिनिधी मार्शल सोकोलोव्स्की यांनी पाश्चात्त्य राष्ट्रांत लंडनमध्ये चाललेल्या वाटाघाटींची माहिती मागितली, ती न मिळाल्यावर सभा संपल्याचे सांगितले आणि ते निघून गेले. मंडळाचे काम तेथेच थांबले.

२० जून १९४८ रोजी पाश्चात्त्य विभागांत डॉइच मार्क हे नवे चलन आले आणि माणशी ४० मार्क देण्यात आले. त्या नोटा अमेरिकेत छापून गुपचूप आणलेल्या होत्या. दुसऱ्या दिवशी दुकानांच्या रिकाम्या काचांमागे अचानक माल दिसू लागला. सोव्हिएत विभागात नव्या नोटा तयार नव्हत्या आणि निकामी ठरलेल्या जुन्या नोटांचा लोंढा पूर्वेकडे वळण्याची भीती खरी होती. म्हणून जुन्याच नोटांवर छोटी कूपने चिकटवून त्या चालवण्यात आल्या, आणि लोक त्यांना भिंतीला लावायच्या कागदाचे नाव देऊन ‘टापेटेनमार्क’ म्हणू लागले. कूपन चिकटवलेल्या त्या नोटेचे छायाचित्र मिळाले तर जरूर पाहावे, कारण तीत तयारीचा अभाव आणि घाई जितकी स्पष्ट दिसते, तितकी कोणत्याही निवेदनात दिसत नाही. २३ जूनला सोव्हिएत बाजूने आपले चलन संपूर्ण बर्लिनसाठी जाहीर केले, तेव्हा पाश्चात्त्य सेनापतींनी आपापल्या भागांत ‘बी’ हे अक्षर उमटवलेले डॉइच मार्क आणले. २४ जूनला शहराकडे जाणारे रस्ते, रेल्वे आणि जलमार्ग बंद झाले.

नाकेबंदी अभ्यासताना पुन्हा कागदांकडे जावे. ३० नोव्हेंबर १९४५ रोजी नियंत्रण मंडळाने बर्लिनकडे जाणारे प्रत्येकी २० मैल रुंदीचे तीन हवाई मार्ग लेखी मंजूर केले होते. रस्ते आणि रेल्वे यांसाठी तसा लेखी करार नव्हता. जून १९४५ मध्ये सेनापतींच्या भेटीत झालेल्या तोंडी समजुतीवरच सगळे चालले होते. जमिनीवरची वाट बंद करता आली आणि आकाशातली वाट खुली राहिली, यामागे हा फरक फार मोठा होता, कारण लेखी हक्काने उडणारे विमान अडवायचे तर ते पाडावे लागले असते. २६ जून १९४८ पासून विमानांनी २० लाखांहून अधिक लोकांसाठी धान्य आणि कोळसा आणायला सुरुवात केली. एकूण सुमारे २३ लाख टन माल आला आणि त्यातला जवळजवळ दोन तृतीयांश केवळ कोळसा होता. टेगेल येथे नवा विमानतळ काही महिन्यांत बांधला गेला, आणि त्या कामावर बर्लिनच्या हजारो स्त्रिया राबल्या. १२ मे १९४९ रोजी नाकेबंदी उठली. २३ मे रोजी पश्चिमेत नवी राज्यघटना जाहीर झाली, आणि ७ ऑक्टोबर रोजी पूर्वेत दुसरे जर्मन राज्य स्थापन झाले.

आपले आकलन तपासायचे असेल, तर शेवटी ऑस्ट्रियाचा रकाना जोडावा. राष्ट्रे तीच चार, राजधानी तशीच विभागलेली आणि सोव्हिएत विभागाच्या आत, वैर तेच. पण तेथे लवकरच एक मध्यवर्ती सरकार मान्य झाले होते, आणि जून १९४६ च्या करारानुसार घटनात्मक बाबी वगळता त्या सरकारचा कायदा चौघांनी एकमताने अडवला नाही, तर ३१ दिवसांनी लागू होत असे. म्हणजे एकमताची अट कारभार अडवण्यासाठी लागत होती. ऑस्ट्रिया १९५५ मध्ये अखंड राहून मोकळा झाला. याला इतर कारणेही होती, विशेषतः रूरसारखा मोठा उद्योगपट्टा तेथे नव्हता. तरीही आपला दोन नियमांचा कागद या उदाहरणाशेजारी ठेवून पुन्हा वाचावा.

आणि बर्लिनला जाण्याचा योग आला, तर शोएनेबर्ग भागातील ती न्यायालयाची प्रशस्त इमारत पाहावी, जेथे नियंत्रण मंडळ भरत असे. १९४८ नंतर तिचा बराचसा भाग ओस पडला, पण काही खोल्यांत हवाई सुरक्षा केंद्र चालूच राहिले. तेथे चारही देशांचे अधिकारी एकाच ठिकाणी बसून त्या तीन मार्गांवरच्या विमानांची नोंद करीत. नाकेबंदीच्या दिवसांतही सोव्हिएत अधिकारी तेथून उठून गेले नाहीत, आणि ते काम १९९० पर्यंत चालले.