इया खोऱ्यात जाताय? या चुका टाळा

जपानच्या शिकोकू बेटाच्या मध्यभागी, तोकुशिमा प्रांताच्या पश्चिम टोकाला मियोशी नावाचे शहर आहे. २००६ मध्ये चार लहान गावे आणि दोन खेडी एकत्र करून ते कागदोपत्री शहर झाले. क्षेत्रफळाने ते शिकोकूत सर्वांत मोठे आहे, सुमारे ७२१ चौरस किलोमीटर, आणि वस्ती मात्र पंचवीस हजारांच्याही आत. परदेशी प्रवासी येतात ते त्याच्या डोंगराळ भागासाठी, म्हणजे इया खोऱ्यासाठी: वेलींचा झुलता पूल, उतारावर एकावर एक चढत गेलेली गवती छपरांची घरे, ओबोकेची घळई आणि दरीच्या तळाशी असलेली गरम पाण्याची कुंडे पाहायला.

मी ओकायामा शहरात राहते. पुणेकरांना हे नाव सिंहगड रस्त्यावरच्या पु. ल. देशपांडे उद्यानामुळे परिचयाचे आहे, कारण ते उद्यान इथल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेले आहे. इयाकडे नेणारी नानपू एक्स्प्रेस ओकायामाहूनच सुटते, त्यामुळे महाराष्ट्रातून येणारे नातेवाईक, परिचित आणि त्यांच्या ओळखीने आलेले इतर देशांचे प्रवासी माझ्याकडे चौकशी करून पुढे जातात. परतताना ते ज्या अडचणी सांगतात, त्या इतक्या वर्षांत बदललेल्या नाहीत, आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकाच वाक्यात असते: "बघू, तिथे गेल्यावर ठरवू." ओसाकात हे खपून जाते, कारण तिथे दहा मिनिटांनी दुसरी गाडी असते आणि शेजारी दुसरे उपाहारगृह असते. इयात बस, जेवण, टॅक्सी, खोलीतले अंथरूण या सगळ्या गोष्टी आधी कळवलेल्या माणसासाठीच तयार केलेल्या असतात. न कळवता आलेला माणूस स्वतः अडचणीत येतोच, शिवाय कोणा वयस्कर माणसाची संध्याकाळही विस्कटून टाकतो.

एका दिवसात "उरकणे"

ओसाकाहून बुलेट ट्रेनने ओकायामा पाऊण तासावर आहे आणि तिथून ओबोके स्थानक दोन तासांच्या आत येते, म्हणून सकाळी निघून रात्री परत, असा बेत पुष्कळ जण आखतात. वेळापत्रकावर तो बसतो. प्रत्यक्षात पूल पाहायचा, एक वाटी सोबा (कुट्टूच्या पिठाच्या शेवया) खायची आणि घड्याळाकडे पाहत परतायचे, एवढेच हाती लागते. एक रात्र मुक्काम करणार नसाल तर कुराशिकीला जा. ते गाव सुंदर आहे, ओकायामाहून जवळ आहे आणि घाईच्या माणसाला पुरेसे आहे.

कार्ड दाखवून फलाटावर शिरणे

ओकायामाच्या फाटकावर इकोका किंवा सुइका हे आधी पैसे भरलेले प्रवासाचे कार्ड टेकवले की दार उघडते, आणि मग हेच कार्ड शेवटपर्यंत चालेल असे माणूस गृहीत धरतो. डोंगरात शिरल्यावर स्थानकांवर कार्ड वाचणारे यंत्रच नसते. ओबोकेला उतरणाऱ्यांना तिकीट तपासनिसाला रोख पैसे द्यावे लागतात, आणि कार्डावरची अर्धवट राहिलेली नोंद नंतर एखाद्या मोठ्या स्थानकावर रद्द करून घ्यावी लागते. तोवर ते कार्ड कुठेच चालत नाही. तुमचे असे झाले असेल तर तपासनीस देईल तो कागद जपून ठेवा आणि परतल्यावर खिडकीवर कार्डासोबत द्या, काम लगेच होते. मात्र आधी खिडकीवर जाऊन ओबोकेपर्यंतचे कागदी तिकीट घेतले, तर हे काहीच उद्भवत नाही. शिकोकूचा रेल्वे पास घेतलेल्यांनीही एवढे लक्षात ठेवावे की तो कोजिमा स्थानकापासून पुढे चालतो. ओकायामा ते कोजिमा हा टप्पा दुसऱ्या कंपनीचा असल्याने त्याचे भाडे वेगळे द्यावे लागते.

शेवटच्या बसवर भिस्त ठेवणे

माझा सर्वांत जास्त जीव ज्या चुकीने जळतो, ती ही. इया खोऱ्यात बस आहेत, वेळेवर येतात, स्वच्छ असतात, पण त्या मोजक्या आहेत. ओबोके ते वेलींचा पूल या टप्प्यावर त्या जरा बऱ्या संख्येने मिळतात, पुढे पूर्व इयाकडे जावे तशा त्या विरळ होत जातात, आणि त्सुरुगी डोंगराच्या पायथ्यापर्यंत जाणारी गाडी तर ठरावीक हंगामातच, मुख्यतः सुटीच्या दिवशी धावते. थांब्यावरच्या वेळापत्रकात दोन रकाने असतात, एक कामाच्या दिवसांचा आणि दुसरा शनिवार, रविवार व सार्वजनिक सुटीचा. बहुतेक प्रवासी पहिला रकाना वाचतात आणि निर्धास्त होतात.

ठाण्याचे एक जोडपे ऑक्टोबरात आले होते. दोघेही हुशार, नकाशे आणि आरक्षणे फोनवर नीट लावून ठेवणारे. ते सोमवारी वेलींच्या पुलावर पोहोचले आणि सोमवार म्हणजे कामाचा दिवस असे धरून त्यांनी दुपारनंतरची गाडी हेरून ठेवली. ऑक्टोबरातला दुसरा सोमवार जपानमध्ये क्रीडा दिनाची सुटी असते, हे त्यांच्या गावीही नव्हते. ते थांब्यावर आले तेव्हा त्या दिवशीची त्यांच्या दिशेची शेवटची गाडी निघून गेली होती. दरी खोल असल्यामुळे सूर्य लवकर कड्याआड जातो, दुकानांचे दरवाजे सरकू लागतात आणि रस्त्यावर माणूस दिसत नाही. फोनवरून बोलावलेली गाडी दोन मिनिटांत येते हा शहरातला अनुभव इथे उपयोगाचा नाही. टॅक्सी असतात, पण थोड्या, आणि त्यांना आधी सांगावे लागते. शेवटी भेटवस्तूंचे दुकान बंद करत असलेल्या आजींनी त्यांच्या मुक्कामाच्या घरी फोन लावला. तिथल्या मालकीणबाई चुलीवरचे जेवण आणि इतर पाहुणे तसेच सोडून, वळणांच्या रस्त्याने पाऊण तास गाडी चालवत खाली आल्या, आणि दाराशी उतरताच त्यांनीच उशिराबद्दल माफी मागितली. त्या रात्री सगळ्यांचेच जेवण थंड झाले.

जोडप्याने मला ही हकीकत जपानी आदरातिथ्याचा सुंदर अनुभव म्हणून सांगितली. मला तसे वाटत नाही. सत्तरीच्या घरातल्या बाईला अंधारात अरुंद घाटातून दोनदा गाडी हाकावी लागली, ते कोणीतरी कॅलेंडर पाहिले नाही म्हणून. ज्या गावात तरुण माणूस औषधालाही सापडत नाही, तिथल्या माणसांच्या चांगुलपणावर आपला बेत उभा करणे योग्य नाही.

माझी सवय साधी आहे. उतरल्याबरोबर, पुलाकडे पाय वळवण्याआधी, मी थांब्यावरच्या वेळापत्रकाचा दोन्ही दिशांचा फोटो काढते, त्या दिवशीचा रकाना कोणता ते विचारून घेते आणि शेवटून दुसरी गाडी हीच आपली गाडी असे ठरवते. शेवटची बस मी हिशेबात धरतच नाही. जपानच्या सार्वजनिक सुट्यांची यादी निघण्यापूर्वीच डायरीत उतरवून घ्यावी. सोमवारच्या सुट्या बऱ्याच असतात आणि त्याच फसवतात.

बसमध्ये चढतानाही गोंधळ होतो. मागच्या दाराने चढायचे, दाराशी असलेल्या यंत्रातून क्रमांकाची चिठ्ठी घ्यायची आणि समोर चालकाच्या डोक्यावर असलेल्या फलकाकडे लक्ष ठेवायचे. आपल्या क्रमांकाखालचा आकडा थांब्यागणिक वाढत जातो. उतरताना तो जेवढा असेल तेवढी नाणी चिठ्ठीसह पेटीत टाकायची. पेटीजवळचे यंत्र हजार येनच्या नोटेची मोड देते, पाच किंवा दहा हजारांची नाही. दहा हजारांची कोरी नोट हातात धरून चालकासमोर उभे राहणारे प्रवासी पाहिले की मागे ताटकळणाऱ्या शाळकरी मुलांची दया येते. मोड आवा-इकेदा (ओबोकेच्या आधीचे मोठे स्थानक) किंवा ओकायामातच करून घ्या, आणि रोख रक्कमही तिथल्याच सेव्हन इलेव्हनच्या एटीएममधून काढा. खोऱ्यात कार्ड न घेणारी दुकाने अजून पुष्कळ आहेत.

"आम्ही शाकाहारी आहोत" हे ताटावर बसल्यावर सांगणे

मराठी कुटुंबांकडून होणारी ही सर्वांत मोठी चूक. र्‍योकान (पारंपरिक जपानी मुक्कामघर) किंवा शेतघरातले रात्रीचे जेवण ऐनवेळी शिजत नाही. सामान आदल्या दिवशी आलेले असते, आणि अंगणातल्या भाजीपासून काठीला टोचून निखाऱ्याभोवती उभ्या केलेल्या माशापर्यंत सगळे माणशी मोजलेले असते. अशा वेळी ताटासमोर बसून मान हलवली, तर स्वयंपाकघरात काय होत असेल याची कल्पना करा. मासा उचलता येतो. पण सूप, शिजवलेली भाजी, सोबाचे पाणी, अंड्याचा कस्टर्डसारखा पदार्थ या सगळ्यांच्या मुळाशी दाशी (पाण्यात उतरवलेले सार) असते, आणि ती साधारणपणे वाळवलेल्या बोनितो माशाच्या किसापासून किंवा सुक्या छोट्या मासळीपासून काढतात. ताटात माशाचा तुकडा दिसत नाही म्हणून पदार्थ शाकाहारी ठरत नाही, आणि यजमानांनाही बऱ्याचदा तो शाकाहारीच वाटतो, कारण त्यांच्या लेखी दाशी म्हणजे पाणीच.

म्हणून नुसते "व्हेजिटेरियन" लिहू नये. आरक्षण करतानाच जपानी भाषेत यादी द्यावी: मांस, मासे, कोळंबी, शिंपले आणि माशांची दाशी चालत नाही, कोंबू नावाच्या समुद्री शेवाळाची किंवा शिताके अळंबीची दाशी चालते, अंडी आणि दूध चालते की नाही. जैन मंडळींनी कांदा, लसूण, बटाटा यांचाही स्पष्ट उल्लेख करावा. मी हे आठवडाभर आधी लिहून पाठवते आणि आदल्या दिवशी फोन करून पुन्हा विचारते. काही घरे नम्रपणे नाही म्हणतात. तो नकार मानावा, जेवणाशिवायची खोली घ्यावी आणि आवा-इकेदाच्या बाजारातून सामान आणावे. सोबत मेतकूट, पोहे, दशम्या असल्या तर उत्तमच, फक्त खोलीत फोडणी देऊ नये. ततामीच्या चटयांमध्ये वास मुरतो आणि पुढच्या पाहुण्यांना तो नकोसा होतो.

शाकाहारी माणसाने इयात उपाशीच राहावे असेही नाही. इथला टोफू इतका घट्ट असतो की तो दोरीने बांधून नेता येतो असे म्हणतात. डोंगरातले छोटे, गच्च बटाटे, हा टोफू आणि कोन्न्याकू (एका कंदाची जेलीसारखी वडी) एका काठीला लावून, वर मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा) चोपडून निखाऱ्यावर फिरवत भाजतात, त्याला देकोमावाशी म्हणतात. मिसोच्या त्या लेपात दाशी आहे का एवढे विचारून घ्या आणि मग गरम असतानाच खा. कडेला जळलेल्या मिसोची खारट-गोड चव दुसऱ्या कशाला येत नाही.

जेवणाची वेळही पाळावी. सहा म्हणजे सहा. उशीर होणार असेल तर दुपारीच फोन करावा.

गाडी भाड्याने घेताना

आपल्यासारखेच डाव्या बाजूने चालवायचे, म्हणून मराठी चालक निश्चिंत असतात. भारतात आरटीओकडून मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना जपानमध्ये चालतो, मात्र तो १९४९ च्या करारानुसार असल्याची खात्री घरूनच करून यावी. खरी अडचण रस्त्याची आहे. इयातले अनेक रस्ते एका गाडीपुरतेच आहेत, आणि समोरून गाडी आली की जवळच्या रुंद जागेपर्यंत कोणालातरी मागे जावे लागते. दरीच्या कडेने मागे जाण्याचा सराव नसेल, तर गाडी घेऊच नका. घ्यायचीच तर सर्वांत लहान घ्या. वळणावरचे गोल आरसे पाहा, आणि वरंधा घाटात वाजवतो तसा प्रत्येक वळणावर भोंगा वाजवू नका. तशी पाटी असेल तिथेच तो वाजवायचा असतो. डिसेंबरपासून बर्फ पडतो, तेव्हा हिवाळी टायर आहेत का ते विचारा.

थोडक्यात आटपणाऱ्या चुका

वेलींच्या पुलावर सपाता घालून जाऊ नका. पूल सुमारे ४५ मीटर लांब आणि पाण्यापासून १४ मीटर उंच आहे, दर तीन वर्षांनी नव्याने विणतात आणि आत पोलादी तारा आहेत, त्यामुळे तो तुटायची भीती नाही. पण फळ्यांमधल्या फटीतून पाय घसरतो आणि फोन थेट नदीत जातो.

पूर्व इयातला वेलींचा जोडपूल हिवाळ्यात बंद असतो. निघण्यापूर्वी विचारा.

मोठी चाकांची बॅग ओकायामाच्या लॉकरमध्ये ठेवा किंवा ताक्क्युबिन या सामान पोहोचवणाऱ्या सेवेने पुढच्या मुक्कामी पाठवा. पूर्व इयातल्या ओचियाईच्या वस्तीत घरांमधला चढउतार जवळजवळ ३९० मीटरचा आहे.

पूर्व इयातल्या नागोरो गावात माणसांपेक्षा माणसाएवढी बुजगावणी अधिक आहेत, तरी तिथे माणसे राहतात. अंगणात शिरून फोटो काढू नका.

गरम पाण्याच्या कुंडात शिरण्यापूर्वी बसून, साबण लावून स्वच्छ आंघोळ करा. पोहण्याचा पोशाख चालत नाही. संकोच वाटत असेल तर कुटुंबापुरते कुंड आधी राखून ठेवता येते का ते विचारा. अंगावर गोंदण असेल तर तेही आधीच सांगा.

कचरा सोबत न्या.

पावसासाठी दिवस न ठेवणे

सप्टेंबरच्या वादळी पावसात इथल्या डोंगरांच्या दरडी कोसळतात, रस्ते बंद होतात आणि ओबोकेवरून जाणाऱ्या दोसान रेल्वेमार्गावरच्या गाड्या थांबवल्या जातात. परतीचे विमान दुसऱ्याच दिवशी असलेले प्रवासी मग ओबोकेच्या फलाटावर चिडचिड करत उभे राहतात. इया आणि विमान यांच्यामध्ये किमान एक रिकामा दिवस ठेवावा, आणि तो ओकायामात काढावा. कोराकुएन पाहायला तेवढा वेळ लागतोच.