संत्र्याची पेटी घरी आली की

"छान केशरी बघून घ्या" हा संत्र्यांबद्दलचा सगळ्यात निकामी सल्ला. सालीला रंग चढायला गार रात्री लागतात. आंबिया बहाराची, म्हणजे थंडीअखेरच्या फुलोऱ्याची, संत्री ऑक्टोबरपासून बाजारात येतात, तेव्हा रात्री पुरत्या गार झालेल्या नसतात. म्हणून हिरवट-पिवळं संत्रंही आतून तयार असू शकतं. फेब्रुवारीनंतरचा मृग बहार, म्हणजे पावसाळ्याच्या सुरुवातीच्या फुलोऱ्याचं पीक, रंगानेही भरलेला असतो आणि गोडीनेही. पेटीच आणायची असेल तर मी मृगाचीच आणते.

संत्रं हातात घेऊन बघा. एकाच आकाराच्या दोघांतलं जड ते घ्या, त्यात रस असतो. नागपुरी संत्र्याची साल मुळातच सैल असते, त्याला नाक मुरडू नका. पण अंगठ्याने दाबल्यावर साल आत जाऊन खाली नुसती हवा लागली, तर ते झाडावर जास्त दिवस राहून पोकळ झालेलं आहे. आतल्या फोडी कोरड्या निघतील. आणि पुण्या-मुंबईत चकचकीत, घट्ट सालीचं, चपटं फळ 'नागपुरी' म्हणून गळ्यात मारतात, ते बहुतेकदा उत्तरेकडचं किन्नू असतं. रसाला ते चांगलं, पण सोलताना नखं दुखतात आणि बिया मोजत बसावं लागतं. नागपूरच्या संत्र्याला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, म्हणजे हे नाव त्याच भागातल्या फळाला लावायचं. हातगाडीवरच्या पाटीला त्याचं काय!

आंबट निघाली तर "राहू द्या, पिकतील" म्हणू नका. आंबा अढीत पिकतो, संत्रं नाही. तोडलं तेव्हा जेवढी गोडी होती तेवढीच. सरबत करा आणि मोकळे व्हा.

आता साठवण. इथे मी सलग तीन हंगाम माती खाल्ली आहे. वरुडहून मामेभाऊ पेटी पाठवायचा. मी मोठ्या हौसेने सगळी संत्री नळाखाली धुवायची, वरवर पुसायची, प्लास्टिकच्या पिशव्यांत गाठ मारून फ्रिजमध्ये कोंबायची. सहाव्या दिवशी पिशवी उघडली की पांढरी बुरशी, तिच्यावर हिरवी भुकटी आणि तो कोंदट वास. अर्धी पेटी कचऱ्यात. प्रत्येक वेळी मी प्रवासाला दोष दिला. दोष माझाच होता.

ही हिरवी बुरशी धडधाकट सालीतून सहसा आत शिरत नाही. तिला जखम लागते: नखाचा ओरखडा, पेटीच्या खिळ्याचा घाव, शेजारच्या फळाच्या देठाने पाडलेलं भोक. त्या जखमेला मी पाणी पाजत होते आणि वर पिशवी बांधून ओल कोंडत होते.

म्हणून पेटी आली त्याच दिवशी उघडा, रात्रीचे अकरा वाजले असले तरी. जमिनीवर वर्तमानपत्र पसरून एकेक फळ फिरवून बघा. चिरलेली, दबलेली, मऊ डाग पडलेली वेगळी काढा. ती आज-उद्याच संपवायची. देठाची काडी लांब राहिली असेल तर कात्रीने अगदी सालीलगत कापा, ओढून तोडू नका, तिथे खड्डा पडतो. देठाची हिरवी टिकली शाबूत असलेली सगळ्यात जास्त टिकतात, ती शेवटी खायला ठेवा. धुवायचं कुठलंच नाही. धुणं खाण्याच्या आधी.

मग टोपलीत एकच थर, वारा लागेल अशा जागी, गॅसपासून लांब. पुण्याच्या थंडीत आठ-दहा दिवस निघतात, मार्चमध्ये चार-पाच. त्यापुढे ठेवायची असतील तर फ्रिजच्या खालच्या भाजीच्या कप्प्यात, कापडी पिशवीत. वरच्या कप्प्यात, बर्फाला लागून ठेवली तर सालीवर तपकिरी खड्डे पडतात.

रोज एकदा टोपलीतून हात फिरवायचा. एवढं जमणार नसेल तर पेटी आणू नका, किलोभर आणा. एखादं मऊ लागलं तर उचला. भुकटी दिसली तर फळ झटकू नका, ती उडून बाकीच्यांवर बसते. अलगद कागदात गुंडाळून बाहेर टाका. "खराब भाग कापून उरलेलं खा" म्हणणाऱ्यांचं मी ऐकत नाही. सालीला तेल चोळायचा सल्लाही करून पाहिला. साल चिकट झाली, तिच्यावर धूळ बसली, बाकी काही नाही.

खायला देताना अर्धा तास आधी फ्रिजबाहेर काढा, गारठलेल्या संत्र्याला चवच लागत नाही. देठाकडून अंगठा घालून सोला. वर काळं मीठ आणि चिमूटभर मिरपूड.

रस हातानेच पिळा. मिक्सरमध्ये बिया फुटल्या की रस कडू झालाच म्हणून समजा. बिया काढूनही तो काढून ठेवायचा नाही. फोडींच्या पडद्यातला एक घटक आंबट रसात मिसळला की हळूहळू त्याचं लिमोनिन होतं, आणि ते कडू असतं. काढताना गोड असलेला रस तासा-दोन तासांत कडवट लागतो, आणि साखर घालून ते लपत नाही. पाहुणे दारात चपला काढत असतील तेव्हा पिळायला घ्या.