एम्बॉडी, मॅनिफेस्ट की रीइफाय? अमूर्ताला रूप देणारा इंग्रजी शब्द कसा निवडायचा

थिसॉरसमध्ये, म्हणजे समानार्थी शब्दांच्या कोशात, एम्बॉडी टाकलं की खाली रांगच लागते, पर्सॉनिफाय, इन्कार्नेट, मॅनिफेस्ट, मटेरिअलाइज, रीइफाय, ऑब्जेक्टिफाय, आणि आपण त्यातला सगळ्यात भारी दिसणारा उचलतो. मीपण तेच करायचो. एकदा निबंधात लिहायचं होतं की शिल्पकाराने दुःखाला आकार दिलाय, तर मी 'ऑब्जेक्टिफाइड ग्रीफ' ठोकून मोकळा झालो. तपासणाऱ्या बाईंनी काहीच लिहिलं नाही, नुसतं लाल प्रश्नचिन्ह. बरोबरच होतं त्यांचं.

तेव्हापासून माझी पद्धत अशी की आधी ते वाक्य मराठीत बोलून बघायचं. कारण मराठीत आपण हे अर्थ कधी एकमेकांत मिसळत नाही. 'ती म्हणजे मूर्तिमंत संयम' वेगळं, 'स्वप्न साकार केलं' वेगळं, 'योजना प्रत्यक्षात उतरली' वेगळं, 'ताण अंगावर दिसायला लागला' वेगळं. तोंडून मराठीत कुठलं क्रियापद आलं ते पकडा, मग इंग्रजी शब्द शोधायला फार त्रास पडत नाही.

मूर्तिमंत आलं तर एम्बॉडी. हा सगळ्यात सेफ शब्द, माणूस, इमारत, कायदा, काहीही कर्ता चालतो. 'शी एम्बॉडीज पेशन्स', बस, मध्ये काही घालायचं नाही. आपल्याकडे बरेच जण 'एम्बॉडीज ऑफ' लिहितात, ते चूक, ऑफ येतं ते नामाबरोबर, म्हणजे 'एम्बॉडिमेंट ऑफ'. आणि कायद्यात किंवा करारात एखादं तत्त्व असेल तर 'एम्बॉडिड इन'.

पर्सॉनिफायमध्ये मात्र माणूस लागतोच. शब्दाच्या मुळाशी लॅटिन पर्सोना आहे, म्हणजे नाटकातला मुखवटा, थोडक्यात गुणाला माणसाचा चेहरा चढवायचा. शाळेत चेतनगुणोक्ती अलंकार शिकलो होतो ना, वारा कुजबुजला वगैरे, तेच हे. दुसरा उपयोग 'पेशन्स पर्सॉनिफाइड', इथे शब्द गुणाच्या नंतर येतो, आधी नाही.

फरक पक्का करायचा असेल तर न्यायदेवतेची मूर्ती डोळ्यासमोर आणा. न्याय ही कल्पना, तिला बाईचं रूप दिलं, हे पर्सॉनिफाय. तिच्या हातातला तराजू निःपक्षपातीपणाची खूण आहे, तो स्वतः निःपक्षपाती नाही, बिचारा तराजूच आहे, म्हणून तिथे सिम्बलाइज. आणि तेच तत्त्व राज्यघटनेच्या कलमांमध्ये खरोखर उतरलेलं असेल तर कलमं ते एम्बॉडी करतात. एकच न्याय, तीन क्रियापदं. यातलं सिम्बलाइज आणि एम्बॉडी लोक सर्रास अदलाबदल करतात, तेव्हा स्वतःला एवढंच विचारा, ही वस्तू त्या कल्पनेकडे नुसतं बोट दाखवतेय की कल्पना तिच्या आतच आहे?

इन्कार्नेट जपून. त्यातलं कार्न हे लॅटिन मूळ म्हणजे मांस, कार्निव्होर (मांसाहारी) त्याच मुळातला, म्हणजे शब्दशः 'मांसात येणे'. म्हणून त्याला धार्मिक वजन आहे आणि रोजच्या वापरात तो बहुतेक टोकाच्या गोष्टींना चिकटतो, 'डेव्हिल इन्कार्नेट' टाइप. ऑफिसच्या मेलमध्ये 'टीमवर्क इन्कार्नेट' लिहिलंत तर लोक हसतील. उच्चारपण बघा, क्रियापद असेल तर शेवट नेट, विशेषण असेल तर नट. गंमत म्हणजे आपला अवतार 'खाली उतरतो' (शब्दाचा अर्थच तो) आणि ख्रिस्ती कल्पनेतला देव मांस धारण करतो, प्रवासाची दिशाच वेगळी. इंग्रजीत गेलेला 'अवतार' आता बरेचदा प्रोफाइलवरचं चित्र किंवा गेममधलं पात्र झालाय, त्यामुळे विष्णूबद्दल लिहिताना इन्कार्नेशन वापरलेलं बरं, गैरसमज होत नाही.

आता 'दिसायला लागणे' वाला मॅनिफेस्ट. यात मॅनस म्हणजे हात दडलाय असं मानतात, मूळ अर्थ हाताला लागण्याइतकं उघड. आत असलेली गोष्ट बाहेर दिसते तेव्हा हा शब्द, म्हणून डॉक्टरी लिखाणात लक्षणांसाठी भरपूर येतो, 'द स्ट्रेस मॅनिफेस्टेड अ‍ॅज हेडएक्स'. सोशल मीडियावर मात्र त्याचा अर्थ झालाय मनात जोरात इच्छा धरून ती खरी करणे, 'मी नोकरी मॅनिफेस्ट करतेय', आणि हे इतकं वाढलं की केंब्रिज डिक्शनरीने २०२४ चा वर्ड ऑफ द इयर म्हणून हाच निवडला. मित्रांमध्ये चालेल, रिपोर्टमध्ये हा अर्थ नको.

'प्रत्यक्षात उतरणे'साठी मटेरिअलाइज, पण इथे एक खोच आहे. हे शक्यतो आपोआप होतं, कुणी करत नाही. 'द फंडिंग नेव्हर मटेरिअलाइज्ड' हे अस्सल वाक्य, आणि बघाल तर हा शब्द बरेचदा नकारातच भेटतो, आश्वासनं, पैसे, पाऊस, जे जे यायचं होतं आणि आलं नाही ते सगळं. 'आय मटेरिअलाइज्ड माय ड्रीम' कानाला खटकतं, तिथे रिअलाइज हवं. कर्ता आहे ना, मग रिअलाइज. स्पेलिंगमध्ये एस की झेड हा वाद फार ताणू नका, ब्रिटिश इंग्रजीत दोन्ही चालतात, अमेरिकनमध्ये झेड, फक्त एका लेखात एकच ठेवा.

क्रिस्टलाइज वेगळंच काम करतं, विचार धूसर होता तो स्पष्ट झाला, पण अजून डोक्यातच आहे, हातात काही आलेलं नाही. कॉन्क्रिटाइज मला आवडत नाही, 'मेक कॉन्क्रीट' म्हटलं की भागतं.

रीइफाय आणि ऑब्जेक्टिफाय हे दोन सापळे. रीइफायमध्ये लॅटिन रेस म्हणजे वस्तू, रिअल पण त्यातूनच आलाय, म्हणून वाटतं की 'खरं करणे' असा छान अर्थ असेल. पण बहुतेक वेळा ती टीका असते, जी नुसती कल्पना आहे तिला तुम्ही वस्तू समजून बसलात अशी. 'शेवटी बाजारच ठरवतो' म्हणतो आपण, जणू बाजार ही माणसांच्या व्यवहारांपलीकडे असलेली वेगळी वस्तू आहे, हे रीइफाय करणं. हंगेरियन तत्त्वज्ञ ल्युकाचच्या १९२३ च्या मार्क्सवादी लिखाणापासून तर हा वजनदार वैचारिक शब्द होऊन बसलाय. प्रोग्रामिंग करणाऱ्यांना कॉटलिन या प्रोग्रामिंग भाषेतला रीइफाइड माहीत असेल, तिथे शिवी नाही, टाइपची माहिती प्रोग्राम चालतानाही हाताशी राहते एवढंच. ऑब्जेक्टिफाय म्हणजे आता मुख्यतः माणसाला, विशेषतः बाईला, वस्तूसारखं वागवणं, त्यामुळे कलेबद्दल लिहिताना हात आवरा.

सबस्टॅन्शिएट या रांगेत दिसलं तर सोडून द्या, त्याचा रोजचा अर्थ पुराव्याने सिद्ध करणे. एपिटमाइज म्हणजे नेमका नमुना असणे, 'कळस' नव्हे, आणि नामाचा उच्चार एपिटमी, एपिटोम नाही. आणि फ्लेश आउट म्हणजे सांगाड्यावर मांस चढवणे, कच्च्या आयडियात तपशील भरणे. घाईत 'फ्लश आउट' लिहिलंत तर अर्थ होतो लपलेल्याला हुसकून बाहेर काढणे, आणि मॅनेजरला तुम्ही प्लॅन फ्लश आउट करताय असं कळवणं बरं दिसत नाही.

इतकं करूनही अडलंच तर सरळ 'गिव्ह फॉर्म टू' लिहा. साधं आहे, कर्ता चालतो, कल्पना चालते, वस्तू चालते. माझ्या त्या निबंधात एवढंच हवं होतं, 'द स्कल्प्टर गिव्ज फॉर्म टू ग्रीफ'.