जामीन राहण्याआधी
"दाजी, नुसती सही तर करायचीय," मेहुणा म्हणाला. ट्रॅक्टरचं कर्ज. पाचव्या महिन्यापासून पतसंस्थेचा हप्ता माझ्या पगारातून कापला जाऊ लागला. (बायको नको म्हणत होती, तिचाच भाऊ असून.)

आता कुणी फॉर्म घेऊन आलं की आधी चहा, मग त्याचा सिबिल अहवाल, म्हणजे आधीची कर्जं कशी फेडली त्याची नोंद, मागतो. तोंड वाकडं झालं तर उत्तर मिळालंच. १८७२ च्या करार कायद्याचं कलम १२८ वाचा: करारात वेगळं ठरलं नसेल तर जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच. वसुलीला आधी त्याच्याच दारात जातील असं नाही. शिवाय ते कर्ज आपल्याही सिबिलवर दिसतं.

सगळी रक्कम मला एकट्याला झेपेल का? नसेल तर सही नाही. पाच-दहा हजार हातउसने देतो, बुडीत धरूनच. सही केलीच तर कराराची प्रत त्याच दिवशी घ्या.